मार्चसाठीची धूळपेरणी

नोव्हेंबरात क्लीव्ह हिलवर धुकं उतरलं की दुपार कलली तरी उठत नाही. कॉट्सवोल्डच्या रांगेतली ही सर्वांत उंच टेकडी, पण उंची अवघी 330 मीटर. सह्याद्री पाहत वाढलेल्या माणसाची तिला डोंगर म्हणायला जीभ धजत नाही. तिच्या पायथ्याशी प्रेस्टबरी गाव आणि गावाला लागून चेल्टनहॅमचं रेसकोर्स. नोव्हेंबरातल्या शर्यती उरकल्या की तिथे शुकशुकाट होतो. ओलं गवत, पांढरे कठडे, रिकामे स्टँड, आणि घोड्यांच्या टापांनी उखडलेली माती वाकून परत बसवणारी चार-दोन माणसं. मार्चच्या मध्यावर याच गवतावर चार दिवसांच्या उत्सवात 28 शर्यती होणार आहेत, दोन लाखांहून अधिक माणसं इथे लोटणार आहेत, यावर त्या वेळी विश्वास बसत नाही. आणि तरी त्या शर्यतींचे भाव तेव्हाच लागलेले असतात. खरं तर त्याही आधी लागतात. यंदाचा गोल्ड कप, म्हणजे त्यातली सर्वांत मानाची शर्यत, जिंकलेला घोडा अजून घामाने निथळत असतो, तेवढ्यात पुढच्या वर्षीच्या गोल्ड कपचे आकडे बाहेर येतात.

इतक्या आधी लावलेल्या पैजेला इथे अँटी-पोस्ट म्हणतात. मला ती फार प्रिय आहे. नोकरीच्या निमित्ताने मी या भागात राहायला आले, तेव्हा इथला हिवाळा अंगावर यायचा. दुपारी चारला दिवेलागण, सकाळी आठपर्यंत अंधार, आणि मध्ये करड्या उजेडाचे मोजके तास. ऊन नाही म्हणून माणसं बोलत नाहीत, बोलत नाहीत म्हणून घरं अधिक गार वाटतात. तो हिवाळा मला सोसायला आणि पुढे आवडायला शिकवला घोड्यांनी. त्यातही ज्या घोड्यावर मी पानगळीतच चार पैसे लावलेले असतात, त्या घोड्याने.

अगाऊ पैजेचा नियम कडक आहे. शर्यतीच्या दिवशी पैसे लावले आणि घोडा आयत्या वेळी मागे घेतला गेला, तर पैसे परत मिळतात. अगाऊ पैजेत ते मिळत नाहीत. तुम्ही नोव्हेंबरात एका घोड्यावर पाच पौंड लावले आणि जानेवारीत त्याच्या पायाची शीर दुखावली, फेब्रुवारीत त्याला खोकला झाला किंवा मालकाने विचार बदलून त्याला दुसऱ्याच शर्यतीत उतरवलं, तर तुमचे पाच पौंड शर्यत न होताच गेले. उत्सव जवळ आला की पुष्कळ बुकमेकर घोडा न धावल्यास पैसे परत देण्याची सवलत देतात, पण तोवर भाव उतरलेला असतो. नोव्हेंबरात वीसचा भाव असलेला घोडा हिवाळ्यात दोन शर्यती जिंकला की मार्चमध्ये चारवर येतो. एका पौंडाला वीस पौंड मिळायचे, तिथे आता चार. मधल्या सोळा पौंडांचा फरक ही त्या चार महिन्यांच्या अनिश्चिततेची किंमत आहे.

म्हणजे पैज एका घोड्यावर असली तरी उत्तरं अनेक प्रश्नांची द्यायची असतात. तो मार्चपर्यंत निरोगी राहील का? दोन मैलांच्या शर्यतीत उतरेल की तीन मैलांच्या? जमीन त्याला हवी तशी ओली असेल का? आणि हे सगळं जुळून आल्यावर, सगळी कुंपणं ओलांडून, तो शेवटचा चढ इतरांच्या आधी चढेल का? शर्यतीच्या दिवशी पैसे लावणाऱ्याला फक्त शेवटच्या प्रश्नाशी झुंजायचं असतं. अगाऊ लावणारा आधीचे सगळे प्रश्न उशाशी घेऊन संपूर्ण हिवाळा झोपतो.

ही रीत मला शेजारच्या आयरिश आजोबांनी लावली. ते मूळचे कॉर्क परगण्यातले. अडथळ्यांच्या शर्यतीचा जन्म आपल्याच मुलखातला, हे ते अभिमानाने सांगतात. 1752 मध्ये कॉर्नेलियस ओ'कॅलाहन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडे दौडवण्याची पैज लावली, अशी तिकडची परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. रस्ता नव्हताच. समोर दिसणारा चर्चचा मनोरा ही दिशा, आणि वाटेत येतील ती कुंपणं, दगडी बांध, ओढे ओलांडत साडेचार मैल जायचं. आजोबांचं म्हणणं असं की हा खेळ पैजेतूनच जन्मला, तेव्हा पैज हा त्याला चिकटलेला कलंक मानू नये; मात्र ती शेजाऱ्याने शेजाऱ्याशी लावावी तशी, आवाक्यातली असावी. घोडा कधी निवडायचा, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “पानं गळतात तेव्हा, पोरी. मार्चमध्ये सगळेच शहाणे असतात.”

तेव्हापासून माझ्या हिवाळ्याला तारखा आल्या. नोव्हेंबरात हेडॉकची बेटफेअर चेस, डिसेंबरच्या सुरुवातीला सँडाउनची टिंगल क्रीक, 26 डिसेंबरला केम्प्टनची किंग जॉर्ज, आणि त्याच आठवड्यात डब्लिनजवळच्या लेपर्ड्सटाउनला आयरिश घोड्यांची नाताळातली शर्यत. जानेवारीअखेर खुद्द चेल्टनहॅमला मार्चची रंगीत तालीम होते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा लेपर्ड्सटाउन. यातल्या प्रत्येक ठिकाणी मी निवडलेला घोडा धावतोच असं नाही. पण त्याचे प्रतिस्पर्धी धावतात, आणि त्यांचं बरंवाईटही माझ्या घोड्याच्या नशिबाला जोडलेलं असतं. एरवी ज्या गावांची नावंही मला ठाऊक झाली नसती, तिथल्या मातीचा ओलावा मी आता घरबसल्या विचारून घेते.

मातीचं तर मला वेडच लागलं आहे. इथे रेसकोर्सची जमीन कशी आहे ते रोज जाहीर होतं: चांगली, चांगली ते मऊ, मऊ, जड. एखाद्या घोड्याला जड चिखलात गती येते, तर दुसरा त्याच चिखलात गुडघे टेकतो. थंडी वाढली की जमीन गोठते आणि गोठलेल्या जमिनीवर घोडा पडला तर हाडं मोडतात, म्हणून शर्यत रद्द होते. 1931 साली अशा थंडीपायी गोल्ड कप झालाच नाही. 1937 सालीही हवामानाने तो होऊ दिला नाही, आणि 1932 ते 1936 अशी सलग पाच वर्षं जिंकलेल्या गोल्डन मिलरची सहाव्या विजयाची संधी एकही पाऊल न टाकता गेली. पावसाचा अंदाज मी पूर्वी छत्रीसाठी बघायची. आता आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ढग दाटले की माझ्या पोटात कालवतं किंवा मनाला उभारी येते. घोडा कोणता, त्यावर ते ठरतं.

आमच्याकडे मृगाचा पाऊस पडण्याआधीच काही शेतकरी कोरड्या मातीत बी टाकतात. ती धूळपेरणी. पाऊस वेळेवर आला तर त्यांचं पीक शेजाऱ्याच्या पुढे जातं. पावसाने ओढ दिली तर बी मातीतच मरतं आणि दुबार पेरणीची पाळी येते. नोव्हेंबरात मार्चसाठी लावलेले पैसे मला त्या बियाण्यासारखे वाटतात. टाकून झालं की हातात काही उरत नाही, आभाळाकडे बघायचं फक्त. पण मला यातला भेदही विसरायचा नाही. शेतकरी बी टाकतो तेव्हा घरातलं वर्षभराचं अन्न पणाला लागलेलं असतं, त्याला पर्याय नसतो. मी लावते ते पैसे गेले तर माझ्या घरात एक वस्तू कमी येत नाही. ज्या दिवशी ती कमी येईल, त्या दिवशी हे सगळं सौंदर्य खोटं ठरेल.

मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्यांनी शर्यती पाहिल्या आहेत, त्यांना घोड्याचं वेगळं आयुष्य परिचयाचं आहे. तिथे शर्यत सपाट मैदानावरची. फेब्रुवारीत होणाऱ्या इंडियन डर्बीत धावणारा घोडा चार वर्षांचा असतो. चमकला तर लवकरच पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातो. तो धूमकेतूसारखा येतो आणि नाव मागे ठेवून जातो. अडथळ्यांच्या शर्यतीतला घोडा मात्र पाच-सहा वर्षांचा झाल्यावर कुठे घडायला लागतो, आणि बारा वर्षांचा होईतो धावताना दिसतो. यातले बहुतेक घोडे खच्ची केलेले, त्यामुळे पैदाशीची घाई नसते. तो दरवर्षी परत येतो. लोक त्याला तरुण पाहतात, भरात पाहतात, थकलेला पाहतात. त्याच्या पहिल्या शर्यतीला आईच्या कडेवर असलेलं पोर त्याच्या निरोपाच्या शर्यतीला शाळेत जायला लागलेलं असतं. म्हणूनच त्याच्यावर चार महिने आधी पैसे लावण्यात आकड्यांपलीकडचं काही असतं. ओळखीच्या माणसाच्या प्रकृतीची चौकशी करावी तशी त्याची चौकशी चालू राहते.

इस्ताब्राकची कहाणी आजोबा सांगायला लागले की त्यांचा चहा गार होतो. हा घोडा हेरला जॉन डर्कनने. त्याला घडवायचं स्वप्नही त्याचंच, पण रक्ताच्या कर्करोगाने तो आजारी पडला आणि घोडा तरुण एडन ओब्रायनच्या तबेल्यात गेला. डर्कन जानेवारी 1998 मध्ये वारला. दोनच महिन्यांनी इस्ताब्राकने चेल्टनहॅमची चँपियन हर्डल ही शर्यत जिंकली. मग 1999 ला, मग 2000 ला. चौथ्यांदा जिंकला तर इतिहास घडणार होता. 2001 ला इंग्लंडात गुराढोरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. उत्सव आधी पुढे ढकलला गेला आणि अखेर रद्दच झाला. घोडा भरात, देश सज्ज, आणि शर्यतच नाही. 2002 ला तो पुन्हा आला तेव्हा वय झालं होतं, अंग साथ देत नव्हतं. दोन अडथळे ओलांडल्यावर जॉकी चार्ली स्वानने त्याला थांबवलं. त्याच्यावर पैसे लावलेल्या हजारो लोकांचे पैसे त्या क्षणी बुडाले, आणि त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरलेल्या पैशांवर टाळ्या पडताना फार थोड्या जागी ऐकू येतात. मला या खेळाच्या जवळ खेचणारी गोष्ट विचाराल तर ती ही.

स्प्रिंटर साक्रेची गोष्ट उलटी आहे. 2013 च्या मार्चमध्ये त्याने चँपियन चेस अशी जिंकली की दोन मैलांवर त्याला कुणी हरवेल असं वाटेना. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केम्प्टनला तो मध्येच थांबला. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. 2014 चा मार्च गेला. 2015 ला तो आला आणि शर्यत पुरी करू शकला नाही. तबेल्यातल्या माणसांखेरीज किती जणांना त्यानंतर आशा उरली असेल? 2016 ला तो परत आला, तीच शर्यत जिंकला, आणि निकी हेंडरसनसारख्या मुरलेल्या ट्रेनरच्या डोळ्यांत पाणी आलं. पानगळीत ज्याने त्या दुखऱ्या हृदयावर विश्वास ठेवला असेल, त्याला मिळालेली रक्कम कदाचित फार मोठी नसेल. पण सगळं जग संपलं म्हणत असताना आपण तसं म्हटलं नाही, याचा आनंद त्या रकमेत मावणारा नव्हता.

अर्थात सगळी बियाणी उगवत नाहीत. 2015 च्या उत्सवाच्या पहिल्या दिवशी ट्रेनर विली मलिन्सचे चार घोडे असे होते की असंख्य लोकांनी चौघांची मिळून एकच साखळी पैज लावली होती, अनेकांनी आठवडे आणि महिने आधी. डूव्हान जिंकला. अँ द सो जिंकला. फॉगीन जिंकला. उरली अॅनी पॉवर नावाची तांबूस घोडी. शेवटच्या अडथळ्यापाशी ती आरामात पुढे होती. तिथे तिने लवकर झेप घेतली आणि ती पडली. त्या एका पडण्याने बुकमेकरांचे कोट्यवधी पौंड वाचले, असं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. घोडी उठून उभी राहिली, तिला काही झालं नव्हतं. पुढच्या वर्षी फॉगीन चँपियन हर्डलचा ठरलेला विजेता मानला जात होता. फेब्रुवारीत त्याचा पाय दुखावला, आणि त्याच्यावर आधी लावलेले सारे पैसे जागच्या जागी संपले. मालकांनी मग जादा शुल्क भरून अॅनी पॉवरचं नाव त्या शर्यतीत घातलं. ती जिंकली. आदल्या वर्षी जिने सगळ्यांना रडवलं, तिने पुढच्या वर्षी जिंकायला यावं, तेही आधीच्या यादीत नाव नसताना, हे कुठल्याही जाणकाराने नोव्हेंबरात सांगितलं नसतं.

अलीकडच्या वर्षांतली चँपियन हर्डल पाहिली तर हाच धडा पुन्हा वाचायला मिळतो. कॉन्स्टिट्यूशन हिल हा घोडा 2022 च्या उत्सवात पहिलीच शर्यत 22 लांबींनी जिंकला, 2023 ला चँपियन झाला. 2024 ला त्याच्या छातीत संसर्ग झाला आणि तो धावलाच नाही. 2025 ला तो धावला, आणि पाचव्या अडथळ्यावर पडला. आदल्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन मग एकटाच पुढे निघाला आणि तोही शेवटच्या अडथळ्यावर पडला. मागून आलेली गोल्डन एस ही घोडी 25 च्या भावाने जिंकून गेली. तीन दिवसांनी गोल्ड कपला गॅलोपिन दे शाँ सलग तिसऱ्या विजयासाठी उतरला. त्याला हरवलं आयनोदवेयुरथिंकिन या घोड्याने, ज्याचं नाव मूळ यादीत नव्हतं, मागाहून शुल्क भरून घातलेलं होतं. सगळ्या हिवाळाभर ज्या यादीवर लोकांनी बोटं फिरवली, त्या यादीत विजेताच नव्हता.

आणि 1990 चा नॉर्टन्स कॉइन! वेल्समधल्या सिरेल ग्रिफिथ्स या दूधवाल्या शेतकऱ्याचा घोडा. शेतकऱ्याच्या पदरी घोडे इनमिन तीन. गोल्ड कपच्या दिवशी सकाळी त्याने आधी गाई दोहल्या आणि मग घोडा घेऊन चेल्टनहॅमला निघाला. समोर सगळ्या इंग्लंडचा लाडका पांढरा डेझर्ट ऑर्किड होता. नॉर्टन्स कॉइनचा भाव होता शंभर. तो जिंकला. गोल्ड कपच्या इतिहासात एवढ्या मोठ्या भावाने दुसरा कुणी जिंकलेला नाही. मोठमोठ्या मालकांच्या, शेकडो घोड्यांच्या तबेल्यांच्या आजच्या काळात ती सकाळची धार मला फार मोलाची वाटते.

पैजेबद्दल इतक्या मायेने लिहिताना तिची काळी बाजू झाकणं मला जमणार नाही. चेल्टनहॅमच्याच फ्रान्सिस क्लोज या धर्मगुरूने 1820 च्या दशकात क्लीव्ह हिलवरच्या शर्यतींविरुद्ध आवाज उठवला होता. तिथे होणारा जुगार, दारू आणि त्यात बुडणारी घरं त्याला दिसत होती. 1830 मध्ये तिथला स्टँड जळाला आणि शर्यती खाली प्रेस्टबरी पार्कवर आल्या. क्लोजचा उपाय मला मान्य नाही, पण त्याला दिसलेलं दुःख खरं होतं आणि ते आजही आहे. 1961 मध्ये ब्रिटनमध्ये बेटिंगची दुकानं कायदेशीर झाली. आता दुकान प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. मध्यरात्री, एकट्याने, कुणी बघत नसताना पैसे लावता येतात. उधारीच्या कार्डावर जुगार खेळायला 2020 च्या एप्रिलमध्ये बंदी घालावी लागली, यावरून घरांघरांत काय चाललं असेल ते समजावं. अशा व्यसनाने पोखरलेलं एक कुटुंब मी जवळून पाहिलं आहे. तिथे घोडा, माती, पाऊस यांतलं काहीच उरलं नव्हतं. हरलेलं परत मिळवायचं, आजच्या आज, एवढंच उरलं होतं.

अगाऊ पैजेचा आणि त्या व्यसनाचा स्वभाव मला म्हणूनच वेगळा वाटतो. व्यसनाला थांबणं सोसत नाही. त्याला पुढची शर्यत पाच मिनिटांत हवी असते. अगाऊ पैज थांबायलाच लावते. एकदा पैसे लावले की चार महिने करण्यासारखं काही नसतं. बघायचं, वाचायचं, वाट पाहायची. पण हा भेद आपोआप टिकत नाही, तो पाळावा लागतो. एका घोड्यावर लावलेलं बुडालं म्हणून दुसऱ्यावर दुप्पट लावलं की ती पैज अगाऊ असली तरी व्यसनच झाली.

दुसरी काळी बाजू घोड्याची. डॉन रन ही एकच घोडी, जिने चँपियन हर्डलही जिंकली आणि गोल्ड कपही. 1986 च्या गोल्ड कपला शेवटच्या कुंपणानंतर ती हरल्यात जमा होती, आणि चढावर तिने पुन्हा उसळी घेतली. मैदानातली गर्दी कठडे ओलांडून तिच्याभोवती जमली. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसमध्ये ओतयच्या शर्यतीत ती पडली आणि मेली. तीन वेळा गोल्ड कप जिंकलेला बेस्ट मेट 2005 मध्ये एक्सेटरला शर्यत अर्धवट सोडल्यावर कोसळला. घोड्याने स्वतः काही पैज लावलेली नसते. अलीकडे घोड्यांच्या नजरेचा अभ्यास करून अडथळ्यांवरच्या नारिंगी खुणा पांढऱ्या केल्या, कारण घोड्याला नारिंगी रंग नीट दिसत नाही. इतकी साधी गोष्ट करायला इतकी वर्षं लागली, याचं मला वाईट वाटतं. ती झाली, याचं समाधानही वाटतं. असे बदल अजून व्हायला हवेत, आणि ते मागण्याची जबाबदारी पैसे लावणाऱ्यांवर सर्वांत आधी येते. आनंद आम्ही घेतो, तर काळजीही आमचीच.

मग मार्च येतो. टेकडीवरचं धुकं विरळ झालेलं असतं, बांधांवर पिवळे डॅफोडिल उभे असतात, गावातल्या खानावळींत आयरिश उच्चार घुमायला लागतात. मंगळवारी पहिल्या शर्यतीचा झेंडा पडतो आणि स्टँडमधून जो गजर उठतो तो मैलभर दूर ऐकू येतो. पूर्ण हिवाळा तोंड मिटून राहिलेल्या माणसांचा तो आवाज आहे. शुक्रवारी गोल्ड कप. सुमारे 5.3 किलोमीटर, बावीस कुंपणं, आणि शेवटच्या कुंपणानंतरचा तो चढ, जिथे पुढे असलेला घोडा जिंकेलच असं कधीच नसतं. त्या चढावर भाव, जाणकारांची मतं, महिनोन्‌महिने केलेली आकडेमोड, यांतलं काहीही घोड्याला ढकलू शकत नाही. त्याची छाती आणि त्याचं मन, एवढंच तिथे चालतं.

माझे घोडे बहुतेकदा हरतात. कित्येक तर मार्चपर्यंत पोहोचतही नाहीत. तरी पुढच्या पानगळीत मी पुन्हा एक नाव निवडते, कारण लवकर ठेवलेल्या विश्वासाची जात वेगळी असते असं मला मनापासून वाटतं. सगळी लक्षणं अनुकूल झाल्यावर विश्वास ठेवणं सोपं आहे, त्याला भावही कमी मिळतो. काहीच ठरलेलं नसताना एखाद्यावर विश्वास ठेवायचा, तो बुडाला तर त्याला दोष न देता मान्य करायचं, आणि मधल्या काळात त्याच्या प्रत्येक पावलाची काळजी वाहायची, ही सवय घोड्यांपुरती राहत नाही. ती माणसांच्या बाबतीतही हात सैल करते.

तुम्हाला कधी या उत्सवाचं कुतूहल वाटलं तर एवढं करा. पैसे लावायलाच हवेत असं नाही. नोव्हेंबरात एक घोडा मनात निवडा आणि हिवाळाभर त्याची खबर घेत राहा. लावायचेच असतील तर इतके थोडे लावा की ते गेल्याचं घरात कुणाला सांगावं लागू नये आणि लपवावंही लागू नये. बुडालेले पैसे भरून काढायला पुन्हा लावू नका. आणि शर्यत संपली की निकालाच्या फळ्याकडे वळण्याआधी मैदानाकडे बघा. तुमचा घोडा चारही पायांवर परत येतोय ना, ते आधी पाहा. पैशांचा हिशेब त्यानंतर करा.